आवाज नसलेली झोडणी

भात पिवळं पडायला लागलं की ते मला आधी वासावरून कळतं. इंद्रायणी तांदूळ शिजवल्यावरच वास येतो अशी शहरात आपली समजूत असते. पण उभ्या पिकालाही तो असतो, सकाळी दंव सुकत असताना, फार तर अर्धा तास. मग ऊन चढतं, उरवड्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्यांचा धुरळा उठतो आणि वास जातो. यंदा तो आला त्याच दिवशी रेवाचा निरोप आला: "आजी, यंदाची झोडणी कधी? मागच्या वर्षीसारखीच स्लो मोशन पाठव. मी म्युझिक शोधून ठेवलंय."

निरोप वाचला आणि मी कपाटाकडे बघत बसले. कॅमेरा कपाटात दुसऱ्या फळीवर, मऊ फडक्यात गुंडाळून, शेजारी ओल शोषणाऱ्या दोन पुड्या ठेवून, नीट ठेवलेला होता. वर्षभर मी तो बाहेर काढला नव्हता. चिन्मय, रेवा, तुम्हाला मी सांगितलं होतं की माझे डोळे दुखतात. ते खरं नव्हतं. मागच्या झोडणीच्या वेळी शेजारच्या हौसाबाईला अर्धांगाचा झटका आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो यायच्या चार दिवस आधी माझ्या कॅमेऱ्याला ते दिसलं होतं, हे ठाऊक नाही. तुम्हालाही नाही आणि तोवर हौसालाही नव्हतं. तिला ते सांगायचं की नाही, या एका प्रश्नाने माझा यंदाचा कार्तिक व्यापून टाकला.

हौसाला तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. आपल्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे तिची दोन भातखाचरं सुरू होतात. आधी बरीच होती. आता त्या जागेवर शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले आहेत आणि त्यांच्या हिरवळीवर सोमवार ते शुक्रवार फवारे आपले आपणच फिरत असतात. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. मी तिला हौसा म्हणते, ती मला बाई म्हणते, कारण मी पुण्यात कॉलेजात फिजिक्स शिकवायचे हे तिला कळलं आणि शिकवणारी ती बाई, असा तिचा हिशेब. तिची सून सुवर्णा उरवड्याला कारखान्यात पॅकिंगला जाते. तुम्ही दोघं सुट्टीत यायचात तेव्हा हौसाच्या खळ्यात पेंढ्यावर उड्या मारून अंगभर खाज घेऊन परतायचात. ती तुम्हाला ओरडायची नाही. मला मात्र भिंतीवरून म्हणायची, "बाई, पोरं न्हेताय न्हवं? का हितंच झोडू त्यांनाबी?"

झोडणीचा आवाज तुम्हाला आठवतो का? भाताची पेंढी दोन्ही हातांनी मुठीत धरायची, खांद्यावरून मागे न्यायची आणि लाकडी बाकड्यावर आपटायची. दाणे उडतात ते पावसासारखे वाजत नाहीत. कोरड्या कागदावर कुणी मोहरी सांडावी तसे वाजतात. तीन-चार आपटण्यांत पेंढी रिकामी. ती मागे टाकायची, दुसरी घ्यायची. चार बायका असल्या की चार आपटण्यांची लय लागते आणि एखादी थकली की ती लय लंगडायला लागते. त्या लंगडण्यावरूनच कोण थकलं ते हौसाला पाठ फिरवलेली असूनही कळायचं. "अगं ए, बस जरा," ती वळूनही न बघता म्हणायची.

आजोबांचा कॅमेरा तुम्ही हातात घेतला असेल, तो काळा, वीट धरावी इतका जड. त्यात आरसा होता. भिंगातून आलेलं चित्र आरशावर पडून वर डोळ्याशी यायचं. बटण दाबलं की आरसा खटकन वर उडायचा, प्रकाश फिल्मवर जायचा आणि आरसा पुन्हा खाली. तेवढा वेळ डोळ्यासमोर काळोख. आजोबांना त्याची फार गंमत वाटे. म्हणायचे, "मी जो क्षण टिपतो ना, नेमका तोच मी बघितलेला नसतो." म्हणून त्यांची एक सवय होती. फोटो काढून झाला की कॅमेरा छातीपाशी खाली घ्यायचा आणि समोर पुन्हा एकदा नुसत्या डोळ्यांनी बघायचं. एका लग्नात त्यांनी असंच खाली घेऊन बघितलं आणि नवऱ्यामुलाच्या म्हाताऱ्या काकांना घेरी येते आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी दिसलं. पळत जाऊन धरलं. त्या सवयीला मी हसायचे. रोल मोजके, वेळ मोजका, आणि हा मनुष्य प्रत्येक फोटोनंतर उगाच उभा!

चिन्मय, तू आता परदेशात कॅमेऱ्यांच्या सेन्सरचीच तपासणी करतोस, त्यामुळे आजीने आरशाचं पुराण तुला सांगणं म्हणजे गंमतच. पण आरसा गेला, हे मला तूच पहिल्यांदा सांगितलंस. तू वापरून झालेला तुझा पहिला मिररलेस कॅमेरा मला पाठवलास, तेव्हा फोनवर म्हणालास, "आजी, यात काळोख होत नाही. सेन्सरवर जे पडतं तेच तुला पडद्यावर दिसत राहतं. सलग." मला आनंद झाला. सत्तरीनंतर नवं यंत्र समजतं आहे, याचा आनंद निराळाच असतो. मी वही सुरू केली. दिवस, वेळ, जागा, उजेड, वेग, शेरा, असे सहा रकाने.

त्या कॅमेऱ्याने एक खोड दाखवली. मी तो पटकन डावीकडून उजवीकडे फिरवला की रस्त्याकडेचे विजेचे खांब तिरके व्हायचे. झोडताना हौसाच्या हातातली पेंढी कोयत्यासारखी वाकायची. तुला विचारलं. तू छान समजावलंस. त्या सेन्सरमध्ये चित्र एकदम वाचलं जात नाही, वरच्या ओळीपासून खाली, एकेक ओळ. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत पोचेतो हलणारी वस्तू पुढे गेलेली असते, म्हणून ती वाकडी उमटते. "म्हणजे हलणारं काही वाकडं दिसलं तर तो कॅमेऱ्याचा दोष धर," तू म्हणालास. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, खाली लाल रेघ मारली. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच शिकवत असे: मापातली चूक आधी उपकरणात शोधा, मग जगात.

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला नवा कॅमेरा आला. त्याच्याबरोबर तुझा लांबलचक बोलका निरोप. हा सेन्सर फार वेगवान आहे, सगळं चित्र एकाच क्षणी वाचतो, ओळी-बिळी नाहीत, खांब खांबासारखेच राहतील. आणि एका सेकंदात दोनशेचाळीस चित्रं घेतो. ती सावकाश दाखवली की एका सेकंदाचे दहा सेकंद होतात. मी सगळं ऐकलं, टिपूनही ठेवलं. मग नव्या कॅमेऱ्यासाठी नवी वही सुरू केली आणि शिस्तीप्रमाणे जुन्या वहीचं पहिलं पान नव्या वहीत उतरवून घेतलं. लाल रेघेसकट. तुझ्या निरोपाची टिपणं मागच्या पानांवर होती. पहिल्या पानावर मात्र तेच वाक्य राहिलं. एवढीच माझी चूक. लिहून काढली तर दोन ओळींची.

नव्या कॅमेऱ्याने मला वेड लावलं, हे कबूल करते. आपलं खाचर, आपली माणसं, रोजचं, आणि तरी मी ते कधी पाहिलेलंच नव्हतं. पेंढी बाकड्यावर आदळते तेव्हा आधी लोंब्या थरथरतात, मग एकेक दाणा देठापासून सुटतो, हवेत उलटा होतो, त्याच्यामागे धुळीची बारीक शेपटी असते. हौसाच्या कपाळावरचा घामाचा थेंब भुवईपाशी येऊन थबकतो, पसरतो आणि मग निघतो. एका सेकंदात हे सगळं रोज घडत होतं. मी दिवसभर काढायचे आणि संध्याकाळी टेबलाशी बसून बघायचे. फक्त एक होतं, त्या वेगात काढलं की आवाज नोंदवला जात नाही. चित्र सावकाश आणि संपूर्ण मुकं. तेव्हा मला ते आवडलंच. झोडणीची खडखड नसली की बायका नाचत असल्यासारख्या दिसायच्या.

झोडणीचा तिसरा दिवस, मंगळवार. दुपारी चारच्या पुढे आपल्या मागच्या टेकडीच्या खांद्यावरून ऊन असं तिरकं येतं की उडालेला प्रत्येक कण पेटतो. ते ऊन वीस मिनिटं टिकतं. बाकीच्या दोघी बायका चहाला गेल्या होत्या, सुवर्णा कारखान्यात होती. हौसाही निघाली होती. मी म्हटलं, "अगं, पाचच मिनिटं. ऊन बघ काय आलंय."

"उनाचं काय, रोज येतंय," ती म्हणाली. पण थांबली.

माझा डोळा कॅमेऱ्याला. तिने पेंढी उचलली, झोडली. दुसरी उचलली, आणि ती डाव्या मुठीतून सुटून अर्धी खाली लोंबली. ती माझ्याकडे वळली. नाकापासून कानापर्यंत ऊन, केसांत तुसं, ओठ हलतायत, काहीतरी बोलली. मी काहीतरी उत्तर दिलं. मग ती तशीच उभी राहिली, लोंबत्या पेंढीसकट, माझ्याकडे बघत, बराच वेळ. मी काढत राहिले. जुन्या कॅमेऱ्यात आरसा खटकन वर गेला असता, क्षणभर काळोख झाला असता. इथे काही झालं नाही. सलग दिसत राहिलं.

त्या संध्याकाळी तो तुकडा मी तीनदा बघितला, इतका तो सुरेख होता. दुसऱ्यांदा बघताना ध्यानात आलं की बोलताना तिच्या ओठांची उजवी कड आधी उचलली जाते आणि डावी मागे राहते. डावी पापणीही मागाहून मिटते. चेहरा किंचित तिरका. मी वही उघडली, पहिल्या पानावर नजर गेली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "चेहरा तिरका उमटतो. सेन्सरचा दोष? चिन्मयला विचारणे (रविवार)." माझे तुम्हाला विचारायचे प्रश्न रविवारचे असतात. वेळेचा फरक, तुमची कामं, म्हणून मी आठवडाभराचे एकत्र ठेवते. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी मी हौसाला भिंतीवरून पाहिलं. झोडत होती. जरा हळू. मला वाटलं, कामाचा शेवट आलाय.

शनिवारी सकाळी सुवर्णाची हाक आली. "बाई! ओ बाई! आईंना बगा काय झालंय!" हौसा पेंढ्याच्या गंजीशी पडली होती. तोंड एका बाजूला, डावा हात अंगाखाली दुमडलेला, जणू तो तिचा नव्हताच. गाडी मीच बोलावली. ती कामं मला सुचतात. पिरंगुटच्या पुढे रस्त्यावर ट्रकांची रांग होती. मागच्या सीटवर तिचं डोकं सुवर्णाच्या मांडीवर होतं आणि तिच्या केसांतून भाताची तुसं गळत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी काही जाणवलं होतं? हाताला मुंग्या, तोंड वाकडं होणं, बोलणं जड होणं? मागच्या चार-सहा दिवसांत? थोडा वेळ होऊन गेलं असलं तरी सांगा."

"न्हाई बा," सुवर्णा म्हणाली. "कामच करत हुत्या की."

मी शेजारी उभी होते. मंगळवारचा तुकडा आठवला. पण अजून रविवार उजाडायचा होता, अजून मला वाटू शकत होतं की दोष सेन्सरचा आहे. दुसऱ्या दिवशी मी तो तुकडा तुला पाठवला, चिन्मय, प्रश्न लिहून. तुझं उत्तर अर्ध्या तासात आलं. "आजी, हा कॅमेरा असं करूच शकत नाही. हा चेहरा खराच तसा आहे. त्या बऱ्या आहेत ना?" आणि मी लिहिलं, "हो, विचारून सांगते."

सात शब्दांचं माझं ते उत्तर मी पुढे कितीदा वाचलं असेल? सॉरी, तीन शब्द आहेत. मोजून बघितले. माझ्या मनात ते लांब झालेत. दोन दिवसांनी मी तुम्हा दोघांना कळवलं की हौसाला झटका आला, आता बरं आहे, डाव्या हातात शक्ती कमी आहे. कोणत्या दिवशी, ते लिहिलं नाही. चिन्मय, तुला शंका आली असेल. तू विचारलं नाहीस. आपल्या घरात हे असंच आहे, चांगल्या वळणाची माणसं विचारत नाहीत.

रेवा, तुला तर काहीच माहीत नव्हतं. तू माझ्या सगळ्या तुकड्यांची तीन मिनिटांची चित्रफीत केलीस, बासरी लावलीस, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलीस. त्यात तो मंगळवारचा तुकडा शेवटी होता, सगळ्यात सावकाश. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. "काय चेहरा आहे!" तुझ्या मावशीने लिहिलं. माझ्या फोनवर दिवसभर कौतुक वाजत होतं आणि भिंतीपलीकडे सुवर्णा हौसाच्या तळहातात रबरी चेंडू ठेवून म्हणत होती, "दाबा. आई, दाबा की. अवो, माझा गळा समजून दाबा."

वर्ष असं गेलं. हौसा चालायला लागली. बोलणं परत आलं, पूर्वीइतकंच तिखट. हात अर्धा आला. त्या हाताने ती कप धरू शकते, पेंढी धरू शकत नाही. मी रोज जायचे, फळं न्यायचे, व्यायामाचा तक्ता करून भिंतीला चिकटवला, सकाळ-संध्याकाळ खुणा करायला. शेजारणी म्हणायच्या, बाईंनी लई केलं. मला ते सहन होत नसे आणि मी तक्ता आणखी नीट आखत असे. सांगायला गेले तर काय म्हणणार होते? की तुझ्या आजाराची आगाऊ सूचना माझ्या टेबलाच्या खणात, दिवस-वेळ-उजेड लिहून, ठेवलेली होती? सांगून तिचा हात येणार आहे का? हे कारण मला पुरेसं वाटायचं, रात्र सोडली तर.

यंदा भात कापून खळ्यात आलं त्या दुपारी हौसा स्वतः आपल्या अंगणात आली, काठी टेकत, मागे सुवर्णा. तिने झोडणीसाठी कारखान्यातून चार दिवस रजा काढली होती.

"बाई," हौसा म्हणाली, "तुमच्या नातीनं माझी फिलम केलीया म्हनं. गाणं लावून. सगळ्या दुनयेनं बगितली, मीच न्हाई."

सुवर्णाने खुलासा केला, "कामावर एकीच्या मोबाईलवर बगितली मी. तिची बहीण तुमच्या नातीच्या मावशींकडं, त्या सोसायटीत, कामाला हाय ना."

मी म्हटलं, चहा टाकते. हौसा म्हणाली, चा नको, फिलम लावा. मी लॅपटॉप व्हरांड्यात आणला. बासरीची नाही लावली. मूळ तुकडे लावले, मुके. हौसा पुढे झुकून बसली.

"ह्ये कोन? सासूच वाटतीया माझी!" स्वतःला बघून ती म्हणाली. "आगं बया, नाक बग केवढं. सुवर्णे, ह्या नाकाला बघून तुझा सासरा हो म्हनला व्हता?"

"मामंजींना लांबचं दिसत नसंल," सुवर्णा म्हणाली.

दाणे उडताना बघून दोघी आणखी पुढे सरकल्या. "द्येवा," हौसा हळूच म्हणाली. "येवढं व्हतं व्हय त्यात." मग तो मंगळवार आला. लॅपटॉप बंद करायला माझा हात पुढे गेला होता. तो तसाच राहिला. पडद्यावर पेंढी सुटली, हौसा वळली, ओठ हलले, उजवी कड आधी, डावी नंतर.

मी सांगितलं. उभ्यानेच, एका दमात. की हे झटक्याच्या चार दिवस आधीचं आहे. की तोंड वाकडं दिसलं होतं. की मला वाटलं, कॅमेरा वाकडं दाखवतोय. की दवाखान्यात विचारलं तेव्हा मी बोलले नाही. वर्षभर बोलले नाही.

सुवर्णाचा चेहरा लाल झाला. "म्हंजे? तुमाला ठावं हुतं? आन तुमी तक्तं चिकटवत बसला हुता भिंतीला?"

हौसाचं लक्ष पडद्यावरच होतं. "पुन्ना लावा," ती म्हणाली. मी लावलं. "मी काय बोलतीया तितं?"

"माहीत नाही गं. आवाज येत नाही त्यात."

"पर तुमी तर समूरच हुता."

"आठवत नाही."

"मला हाय की ध्यानात." तिने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, पिशवी ठेवावी तसा. "मी म्हनलं, बाई, ह्यो हात माझा वाटंना, मुंग्या आल्यात, तोंड बी जड झालंय. तुमी म्हनला, थांब, तशीच थांब, हलू नको." तिने पडद्याकडे बोट केलं. "मग मी थांबले."

सुवर्णा म्हणाली, "आवो पर घरी का न्हाई सांगितलं? मला, तुमच्या लेकाला?"

"बाईंना सांगितलं हुतं की," हौसा म्हणाली. "शिकलेल्या हायेत. काय वाईट असतं तर बोलल्या असत्या, म्हनलं. सांजच्याला बरं बी वाटलं. मग कशाला गावभर?"

 पलीकडच्या बंगल्यातला फवारा टक्-टक् करत फिरत होता. मी तिची माफी मागितली. तिने ती घेतली नाही आणि परतही केली नाही. काठी शोधली, उठली, पायरीपाशी थांबली.

"तुमी हितं हुता, मी तितं, मदी येवढंच अंतर," तिने काठीने अंगणातल्या दोन फरश्या दाखवल्या. "नुसतं म्हनायचं हुतं, अगं हौसे, तोंड का वाकडं तुझं."

सुवर्णा मागे न बघता गेली. दोन दिवस भिंतीपलीकडून मला कुणी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी झोडणी सुरू झाली आणि तीन आपटण्यांची लय मला घरात ऐकू येऊ लागली. मग हौसाचा आवाज: "बाई! ऊन आलंय तुमचं. येताय का न्हाई?" त्यात माया होती की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

मी कपाट उघडलं.

रेवा, यंदाची चित्रफीत पाठवते आहे. वेग साधा ठेवला आहे, म्हणून दाणे उडताना दिसणार नाहीत, नुसती धूळ दिसेल. सुवर्णा झोडते आहे. तिने एकदाही माझ्याकडे बघितलेलं नाही, तेही दिसेल. हौसा बाकड्याशेजारी पाटावर बसून सगळ्यांना हुकूम सोडते आहे. मध्येच ती माझ्याशी बोलायला लागली, तेव्हा मी कॅमेरा खाली पेंढ्यावर ठेवला. तो बंद करायला विसरले, त्यामुळे पुढची सहा मिनिटं फक्त पेंढा, तिची काठी आणि आमच्या दोघींचे पाय आहेत. ते कापू नकोस. आवाज नीट आला आहे. मागच्या वर्षीची तेवढी ग्रुपवरून काढून टाक. आणि या वर्षीच्या चित्रफितीला गाणं लावू नकोस.